नॅसमधल्या मिरर डिस्क मोठ्या करायच्यात? आधी जुन्या डिस्ककडे बघा

ताई, नमस्कार. घरी दोन बेचा, म्हणजे दोन डिस्क बसणारा, नॅस (घरच्या नेटवर्कवरून वापरायचा स्टोरेजचा डबा) आहे, त्यात ४ टीबीच्या दोन डिस्क मिरर करून टाकल्यात. पाच-सहा वर्षं झाली, कधी कसला त्रास नाही. आता ९० टक्क्यांच्या वर भरलाय आणि रोज वॉर्निंग येते. आत घरातल्या सगळ्यांचे फोटो, मुलीचे लहानपणापासूनचे व्हिडिओ, वडिलांची स्कॅन केलेली कागदपत्रं, माझं जुनं काम असं सगळं आहे. १२ टीबीच्या दोन डिस्क घ्यायचं ठरवलंय. मित्र म्हणतो एक काढ, नवी घाल, आपोआप कॉपी होतं, मग दुसरी काढ, झालं काम. वेगळा बॅकअप कशाला, मिरर आहे म्हणजे बॅकअप आहेच. पण माझा हात धजत नाहीये. त्याचं बरोबर आहे का? डिस्क कुठली घेऊ? आणि जुन्या दोघींचं काय करू?
– एक वाचक

नमस्कार,

हात धजत नाहीये ते अगदी योग्य आहे, आणि मित्राचं अर्धं बरोबर आहे. एक काढा, नवी घाला, रिबिल्ड होऊ द्या, म्हणजे उरलेल्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरू द्या, मग दुसरी, ही पद्धत बरोबरच आहे, बहुतेक सगळे नॅसवाले स्वतः हेच सांगतात. पण मिरर म्हणजे बॅकअप हे त्याचं म्हणणं साफ चूक आहे, आणि तुमच्याकडे जे सामान आहे ना, मुलीचे व्हिडिओ, वडिलांचे कागद, ते परत कुठूनही मिळणार नाही, म्हणून मी यावर जरा जास्तच बोलणार आहे.

मिरर काय करतो बघा. एका डिस्कवर जे लिहिलं जातं तेच त्याच क्षणी दुसरीवर लिहिलं जातं. डिस्क मेली तर तुम्ही वाचता, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो उपयोग मोठा आहे, नाही असं नाही. पण तुम्ही चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्हीकडून उडतो. फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणी, बिघडली तर दोन्हीकडे तोच बिघाड. २०२२ च्या सुरुवातीला डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या प्रोग्रॅमने, इंटरनेटला उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे हजारो नॅस लॉक केले, त्यातल्या ज्यांच्याकडे मिरर होता त्यांच्या दोन्ही डिस्कवर सारख्याच लॉक झालेल्या फाइल उरल्या. पॉवर सप्लाय बिघडून दोन्ही डिस्क एकदम जळणं, कुणीतरी अख्खा डबाच उचलून नेणं, यातही मिरर काही करू शकत नाही.

आता तुमच्या कामाकडे येते. लोकांना वाटतं या सगळ्यात धोका नव्या डिस्कचा, नवी आहे, कशी निघेल काय माहीत. खरा धोका जुनीचा आहे. तुम्ही पहिली डिस्क काढलीत की त्या मिनिटापासून मिरर संपला, सगळा डेटा एकाच, पाच-सहा वर्षं चोवीस तास फिरलेल्या डिस्कवर लटकलेला, आणि नेमकं त्याच दिवशी तिच्याकडून आपण आजवरचं सगळ्यात मोठं काम करून घेणार, पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा लिहायचा छोटा तुकडा) शेवटच्या सेक्टरपर्यंत एका दमात सगळं वाचायचं. एरवी ती थोडीच वाचत असते, काल-परवाचे फोटो, नेहमीचे दोन-तीन फोल्डर. सहा वर्षांपूर्वीच्या सहलीचे जे फोटो टाकून ठेवले आणि नंतर कुणी उघडलेच नाहीत, ते जिथे बसलेत तिथला एखादा सेक्टर मधल्या काळात खराब झाला असेल तर कुणाला पत्ताच नसतो, कारण कुणी तो वाचलाच नाही. साध्या दिवशी असा सेक्टर सापडला तर मिरर तो भाग दुसऱ्या डिस्कवरून घेतो, इथे परत लिहितो, तुम्हाला कळतही नाही. रिबिल्डच्या वेळी ती दुसरी डिस्क टेबलावर पडलेली असते. मग एक तर रिबिल्ड मधेच थांबतो, नाहीतर तेवढा तुकडा गमावून पुढे जातो.

म्हणून डिस्कला हात लावायच्या आधी दोन कामं, आणि दोन्ही झाल्याशिवाय ट्रे ओढायचा नाही.

पहिलं, वेगळी पूर्ण कॉपी. तुमचा डेटा ४ टीबीच्या आत आहे, त्यामुळे हे अवघड नाही, आणि त्यासाठी तिसरी डिस्क विकत घ्यायलाच हवी असंही नाही. १२ च्या दोन डिस्क येणारच आहेत ना, त्यातली एक यूएसबी डॉकमध्ये किंवा बाहेरच्या केसमध्ये लावा, नॅसमधलं सगळं तिच्यावर कॉपी करा, आणि बाजूला ठेवा. ही दुसऱ्या फेरीसाठी, म्हणजे दुसरी जुनी डिस्क बदलताना. पहिल्या फेरीत दुसरी नवी डिस्क वापरायची. ती नॅसमध्ये जाऊन पूर्ण रिबिल्ड झाली, सगळं तपासून झालं, की मग ही कॉपीवाली डिस्क आत घालायची, तोपर्यंत नाही. कारण आत घातली की तिच्यावरचं सगळं पुसलं जाणार. यात नव्या डिस्कची चाचणीही आयतीच होते, काही टीबी लिहून-वाचून झाले म्हणजे तिचा पहिला दम कळतो.

कॉपी झाली म्हणजे झालं असं समजू नका. फाइलींची संख्या जुळली, आकार जुळला, छान, पण उघडून बघा. सगळ्यात जुन्या फोल्डरमधले चार फोटो उघडा, एखादा मोठा व्हिडिओ मधूनच सुरू करून बघा, वडिलांच्या पीडीएफ उघडा, आणि हे सगळं नॅस बंद ठेवून, ती डिस्क सरळ कंप्युटरला लावून करा, म्हणजे आपण नॅसवरचीच फाइल तर बघत नाही ना हा प्रश्न उरत नाही. हो, एक राहिलं, फोल्डर एन्क्रिप्ट केलेले असतील तर त्याची की नॅसच्या बाहेर कुठेतरी ठेवा, आणि सेटिंगची फाइलपण एक्स्पोर्ट करून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दुसरं काम, जुन्या दोन्ही डिस्कची तब्येत. नॅसच्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरात हेल्दी लिहिलंय तेवढ्यावर समाधान मानू नका. आत स्मार्टची माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद, असते ती उघडा आणि तीन आकडे बघा. नंबर ५, म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून दुसरीकडे नेलेले सेक्टर. नंबर १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळत ठेवलेले सेक्टर. आणि १९८, म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. तिन्ही शून्य असतील तर उत्तम. १९७ शून्याच्या वर असेल तर ती डिस्क रिबिल्डमध्ये दगा देण्याची शक्यता खरी आहे, दुर्लक्ष करू नका. १९९ मात्र बहुतेक वेळा कनेक्शनचा दोष दाखवतो, तो आकडा थोडा असेल आणि वाढत नसेल तर डिस्कला दोष देऊ नका.

मग दोन्हींवर एक्स्टेंडेड टेस्ट लावा, छोटी क्विकवाली नाही, ती काही मिनिटांत संपते आणि जवळपास काहीच सांगत नाही. मोठी टेस्ट ४ टीबीला बरेच तास घेते, रात्री लावून झोपा. त्यानंतर स्क्रब चालवा, काही नॅसमध्ये त्याला डेटा स्क्रबिंग म्हणतात, कुठे रेड स्क्रबिंग (रेड म्हणजे RAID, अनेक डिस्क एकत्र चालवायची पद्धत, मिरर हा त्याचाच प्रकार). यात दोन्ही डिस्क शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि खराब कोपरा असलाच तर तो दोन्ही डिस्क जागेवर असताना सापडतो आणि दुसरीवरून भरून निघतो. आधी बॅकअप आणि मगच स्क्रब, हा क्रम उलटा करू नका, कारण जी डिस्क कुरकुरत असेल ती या ताणाखालीच बसू शकते.

या आकड्यांवरूनच ठरतं कुठली आधी काढायची. जी कमजोर ती आधी बाहेर. बरेच जण एक नंबरच्या बेपासून सुरुवात करतात, त्याला काही अर्थ नाही, रिबिल्ड ज्या डिस्कवरून होणार ती दोघींतली धडधाकट हवी.

आता प्रत्यक्ष काढताना. सॉफ्टवेअरमध्ये डिस्क १ असेल ती डावीकडची, का वरची, यावर अंदाजाने चालू नका. सॉफ्टवेअरमध्ये सीरियल नंबर दिसतो, तो कागदावर उतरवा. नॅस नीट शटडाउन करून दोन्ही ट्रे थोडे बाहेर ओढा, डिस्कवर बारकोडच्या खाली तोच नंबर बारीक अक्षरात छापलेला असतो, मोबाइलने फोटो काढून झूम करून वाचा, आणि प्रत्येक ट्रेच्या तोंडावर पट्टी चिकटवून शेवटचे चार आकडे पेनने लिहा. फालतू वाटतं हे काम. पण रिबिल्ड चालू असताना चुकून चांगली डिस्क ओढणं हा या सगळ्या प्रकारातला सगळ्यात वाईट प्रसंग आहे, आणि तो होतो तो पट्टी नसल्यामुळेच.

तुमच्या मॉडेलला हॉट स्वॅप, म्हणजे नॅस चालू असताना डिस्क बदलणं, चालत असेल तर आधी सॉफ्टवेअरमधून ती डिस्क डीअॅक्टिव्हेट करा, मग ओढा. चालत नसेल किंवा खात्री नसेल तर बंद करूनच बदला, त्यात कमीपणा नाही. चालू झाल्यावर नॅस बोंबलायला लागेल, बीप बीप, लाल किंवा केशरी दिवा, स्क्रीनवर डिग्रेडेड. इथे भलेभले घाबरतात. घाबरू नका, एक डिस्क कमी आहे एवढंच तो सांगतोय, बीप बंद करायचं बटण सॉफ्टवेअरमध्ये असतं. स्टोरेजमध्ये जाऊन रिपेअर निवडा, नवी डिस्क दाखवा, त्यावरचं सगळं पुसलं जाईल असं विचारेल, तिथे पुन्हा एकदा सीरियल नंबर बघा आणि मग हो म्हणा. काही नॅस न विचारताच सुरू होतात.

किती वेळ लागेल? ४ टीबी, सरासरी सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तर साधारण साडेसात तास, आणि मधे कुणी त्यावर सिनेमा बघत बसलं किंवा फोनचा बॅकअप सुरू झाला तर याच्या दुप्पटही. नेहमीच्या लिनक्स रेडमध्ये डेटा किती भरलाय याला सहसा महत्त्व नसतं, जागा पूर्ण कॉपी होते. झेडएफएस नावाची फाइल सिस्टीम असेल तर फक्त भरलेलीच. या तासांमध्ये नॅसला एकटं सोडा. यूपीएस असेल तर लावाच, नसेल तर कुणाकडून तरी आणा, वीज गेली तर रिबिल्ड बहुतेक वेळा पुढे सुरू होतो हे खरं, पण एकाच डिस्कवर सगळं असताना वीज जाणं आपल्याला परवडणारं नाही. टक्केवारी दर पाच मिनिटांनी बघू नका, देव पाण्यात घालून बसल्याने ती वाढत नाही.

काढलेली जुनी डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, तारीख लिहून बाजूला ठेवा. त्या क्षणापर्यंतचा तुमचा सगळा डेटा तिच्यावर आहे, आणखी एक कॉपी फुकटात. फक्त ती परत नॅसमध्ये सहज म्हणून घालून बघू नका, नॅस तिला नवी डिस्क समजून तिच्यावर लिहायला लागला तर ती कॉपीही गेली.

रिबिल्ड पूर्ण, स्टेटस नॉर्मल, मग फाइली उघडून बघा, नव्या डिस्कचे तेच तीन स्मार्ट आकडे बघा. सगळं ठीक असेल तर एक-दोन दिवस तसंच चालू द्या आणि मग दुसरी फेरी, सगळं तसंच. पहिल्या फेरीनंतर जागा ४ टीबीच दिसेल, वाढणार नाही, कारण मिररची जागा नेहमी दोघींतल्या लहान डिस्कएवढी असते. लोक इथे हमखास समजतात की काहीतरी चुकलं आणि उगाच पूल, म्हणजे दोन्ही डिस्कची मिळून बनलेली जागा, डिलीट करून परत बनवायला जातात. तसलं काही करू नका.

दुसऱ्या फेरीनंतरही काही नॅसमध्ये जागा आपोआप वाढत नाही, एक्स्पांड करावं लागतं, आधी पूल, मग व्हॉल्यूम, म्हणजे पूलमधला फाइली ठेवायचा भाग. स्वतः बांधलेला लिनक्स बॉक्स असता तर पार्टिशन मोठं करून, रेड सांभाळणाऱ्या टूलला म्हणजे एमडीअॅडमला ग्रो सांगायचं आणि मग फाइल सिस्टीम वाढवायची, झेडएफएसमध्ये ऑटोएक्स्पांड चालू ठेवायचं, काम तेच. वाढवल्यावर उरलेल्या ८ टीबीचं सिंक परत सुरू होऊ शकतं, त्याला आणखी बारा तास किंवा जास्त, त्यात डेटाला धोका नाही, डेटा दोन्हीवर आहेच. शेवटी स्क्रीनवर १२ ऐवजी १०.९ दिसेल. फसवणूक नाही ती, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि नॅस १०२४ च्या पटीत, तुमची ४ टीबी आजही ३.६ च दिसत असेल बघा.

डिस्क कुठली घ्यायची? आधी तुमच्या नॅसच्या कंपनीची कंपॅटिबिलिटी लिस्ट बघा, जुन्या मॉडेलला डिस्कच्या आकाराची मर्यादा असू शकते, आणि बऱ्याच जुन्या ३२ बिटवाल्या बॉक्सना १६ टीबीच्या वरचा व्हॉल्यूम झेपत नाही. १२ ला ही अडचण यायला नको, पण एवीतेवी घेतोच आहोत तर २० घेऊ असा मोह झाला तर आधी हे तपासा.

नॅससाठी बनवलेलीच डिस्क घ्या, डेस्कटॉपची नको. कारण असं की वाचताना अडलं की डेस्कटॉपची डिस्क बराच वेळ स्वतःच झगडत बसते, नॅसवाली साधारण सात सेकंदांत सोडून देते आणि मिररला दुसरीवरून घेऊ देते. जास्त वेळ गप्प बसलेल्या डिस्कला नॅस मेलेली समजून बाहेर काढू शकतो, चांगली असूनही. आणि ट्रॅक शेजारी-शेजारी सुटे लिहिणारी सीएमआर घ्या, एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात आणि रिबिल्डसारख्या सलग लिहिण्याच्या कामात ती डिस्क अक्षरशः रांगायला लागते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड (Red) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या, नॅससाठी म्हणून विकलेल्या असूनही, त्यावरून भरपूर गदारोळ झाला आणि मग कंपनीने सीएमआरवाल्यांना रेड प्लस हे वेगळं नाव दिलं. १२ टीबीच्या नॅस डिस्कमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, बेत बदलून लहान घेतल्यात तर मात्र स्पेसिफिकेशनमध्ये सीएमआर लिहिलेलं बघूनच घ्या.

दोन्ही डिस्क एकाच खोक्यातून, एकाच बॅचच्या नकोत, त्या बॅचमध्येच दोष असेल तर दोघी आगेमागे जातील. वेगवेगळ्या दुकानांतून घ्या, किंवा काही आठवड्यांच्या अंतराने, तसाही तुमचा दोन फेऱ्यांचाच कार्यक्रम आहे. मोठ्या डिस्क बऱ्याचदा ७२०० आरपीएमच्या असतात, जुनीपेक्षा आवाज आणि उष्णता दोन्ही जास्त, नॅस झोपायच्या खोलीत असेल तर आधी जागेचा विचार करा. नॅसमध्ये जाणाऱ्या पहिल्या डिस्कलासुद्धा आत घालण्याआधी एकदा एक्स्टेंडेड टेस्ट द्या, दोष असलाच तर तो परत करायची मुदत असताना कळलेला बरा.

राहिल्या जुन्या दोघी. पहिली काढलेली महिनाभर तरी पुसू नका, नव्या मिररवर सगळं सुरळीत आहे हे कळेपर्यंत तशीच राहू दे. दुसरी, म्हणजे दोघींतली धडधाकट, यूएसबी केसमध्ये घालून फॉरमॅट करा आणि नॅसचा बॅकअप तिच्यावर आठवड्यातून एकदा आपोआप जाईल असं लावा, बॅकअप झाला की केस काढून कपाटात ठेवा, कायम जोडलेली ठेवली तर रॅन्समवेअर तिच्यापर्यंतही पोचतो. महिन्यानंतर पहिलीचे स्मार्ट आकडे स्वच्छ असतील तर तिच्यावर फक्त फोटो, व्हिडिओ आणि वडिलांचे कागद टाकून ती भावाबहिणीच्या किंवा विश्वासातल्या कुणाच्या घरी ठेवा, दोन-तीन महिन्यांनी आणून ताजी करायची. आकडे खराब असतील तर तिला कामाला लावू नका, सगळी जागा एकदा ओव्हरराइट करा, नुसत्या क्विक फॉरमॅटने आतलं पुसलं जात नाही, आणि मग ई-कचऱ्यात द्या. नवी जागा भरत जाऊन डेटा ४ टीबीच्या वर गेला की मात्र ही जुनी बॅकअप डिस्क पुरणार नाही, तेव्हा उतरवून घेतलेले सिनेमे वगैरे बॅकअपमधून वगळा, घरचं सामान वगळू नका, आणि तेही मावेनासं झालं की बॅकअपसाठी मोठी डिस्क घ्या.